अंड्यांवरच्या खुणा

त्या हिवाळ्यात शाळेत येणाऱ्या प्रत्येक अंड्यावर मी पेन्सिलीनं खूण करत होतो. निमुळत्या टोकाजवळ एक बारीक ठिपका. सकाळी पुरवठादाराची मोटारसायकल फाटकाशी थांबायची, ट्रे माझ्या टेबलावर यायचा आणि मी दार लोटून घ्यायचो. पहिल्या दिवशी मी अंडं रुमालात धरलं होतं. गळ्यात लिंग बांधणाऱ्या, अंडं-मांस न शिवणाऱ्या घरात मी वाढलो. बावन्न वर्षांत अंड्याला हात लावायची वेळ आली नव्हती. ते इतकं हलकं असतं आणि बोटाला थोडं खरखरीत लागतं, हे मला तेव्हा कळलं. तिसऱ्या दिवसापासून रुमाल सुटला. ठिपके सुटले नाहीत.

आमची शाळा मंठाळच्या पुढं, मुख्य रस्ता सोडून आत गेलेल्या एका गावात आहे. सरकारी, मराठी माध्यमाची. पुस्तकं मराठीत, वरून येणारे कागद कानडीत, आणि पोरं दोन्हीत भांडणारी. दुपारच्या जेवणाबरोबर पोरांना उकडलेलं अंडं मिळतं. ज्या घरात अंडं चालत नाही त्या घरच्या पोराला केळं. वर्षाच्या सुरुवातीला पालक काय ते लिहून देतात आणि तेवढ्यावर वर्षभर दोन रांगा लागतात. अंड्याची रांग कडुलिंबाच्या झाडाखाली, केळीची नळापाशी. या रांगा कुणी आखून दिलेल्या नाहीत. पण गावातलं कोणतंही माणूस भिंतीवरून नुसतं डोकावलं तरी कोणतं पोर कोणत्या घरचं हे त्याला सांगता येईल. लिंबाखाली बुद्धविहाराकडची, मुसलमानांची, मराठ्यांची पोरं. नळापाशी आमची.

मी प्रभारी मुख्याध्यापक झालो तो जून महिना. त्याआधी मार्चमध्ये माझी बायको गेली होती. सेवाज्येष्ठतेनं खुर्ची माझ्याकडं आली. मी मागितली नव्हती आणि नाकारायचं बळही नव्हतं. तोवर शाळेत मी फक्त मराठी शिकवायचो आणि एका पडक्या वर्गाचं वाचनालय करून तिथं बसायचो. माणसांशी बोलण्याची कामं ती करायची. शाळेतही अधूनमधून यायची, पुस्तकांना कागदाची कव्हरं घालायची, पोरींच्या वेण्या घालून द्यायची.

ती गेल्यावर माझ्यात एक नवी गोष्ट आली, ती म्हणजे संशय. गुलबर्ग्याच्या डॉक्टरनं सगळं सांगितलं होतं का? औषधाच्या दुकानदारानं दिलेली बाटली तीच होती का? भेटायला आलेले पाहुणे बाहेर अंगणात नेमकं काय कुजबुजत होते? रात्री पुस्तक उघडलं की ओळी दिसायच्या, अर्थ लागायचा नाही, आणि या गोष्टी मात्र एकीला एक जोडून सरळ लागत जायच्या. मुख्याध्यापक झाल्यावर संशयाला जागाच जागा मिळाली. खडू लवकर का संपतो? शिपाई आज इतका हसून का बोलला?

मग अंडी. ज्या दिवशी अंड्याच्या रांगेतली चार पोरं गैरहजर असतील त्या दिवशी चार अंडी उरायला हवीत. उरत नव्हती. मी आठवडाभर पाहिलं, मग महिनाभर. कधी तीन कमी, कधी पाच. रांगेतल्या प्रत्येक पोराला त्याचं अंडं मिळत होतं, तक्रार कुणाचीच नव्हती. पण उरलेलं काही परत येत नव्हतं.

स्वयंपाक करणाऱ्या बाई आठ वर्षांपासून शाळेत होत्या. विहाराच्या मागच्या गल्लीतल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, आवाज मोठा, चालणं भराभर. सगळी शाळा त्यांना अक्का म्हणायची, मीही. अंडी त्यांच्या पातेल्यातून कमी होत होती, म्हणजे अक्का घरी नेत होत्या. हा हिशेब मी किती सहज केला, ते आता लिहिताना दिसतं. तेव्हा वाटलं, मी फक्त बेरीज-वजाबाकी करतोय.

माझ्या तोंडून एक दिवस शाळा समितीच्या अध्यक्षांसमोर ते निघून गेलं. अध्यक्षांना गाव अप्पा म्हणतं. आमच्याच समाजाचे, तुरीचे मोठे शेतकरी. शाळेची बोअर त्यांनीच पाठपुरावा करून पाडून घेतली. भला माणूस, फक्त स्वतःचं ऐकायची सवय जास्त. त्यांची नात पाचवीत होती. तिचे आईबाप हैदराबादला कामाला, आणि पोर म्हणजे आजोबांचा जीव की प्राण.

"मला वाटतच होतं," अप्पा म्हणाले. "सर, तुम्ही एक पत्र लिवा. समितीत ठेवू. काढून टाकू तिला. मी एक चांगल्या घरची बाई बघून ठेवलीय."

"चांगल्या घरची" म्हणजे काय हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तेवढी मराठी आम्हां दोघांनाही येत होती.

"पुरावा लागेल, अप्पा," मी म्हणालो.

"मग काढा की पुरावा. तुमी शिकलेले. तुमी आपले."

अशी ठिपक्यांना सुरुवात झाली. विचार असा होता, की ठिपक्याचं टरफल शाळेबाहेर, अक्कांच्या गल्लीत कुठं सापडलं की झालं. अंड्याच्या रांगेची टरफलं लिंबाखालच्या टोपलीत पडायची. जेवण झाल्यावर मी टोपलीपाशी उभा राहून मनातल्या मनात मोजायचो. शाळा सुटल्यावर सायकल विहाराच्या गल्लीतून न्यायचो, उकिरड्याकडं बघत. एकदा तिथल्या एका म्हाताऱ्यानं "जयभीम, सर. काय हरवलंय का?" म्हणून विचारलं. मी काहीतरी पुटपुटून पुढं गेलो.

याच दिवसांत गुलबर्ग्याला मुख्याध्यापकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. विषय असा, की नेतृत्व करणाऱ्यानं आपलं रोजचं काम आपल्या मूल्यांशी कसं जुळवावं. शिकवायला एक तरुण गृहस्थ आले होते, स्वच्छ पांढरा शर्ट, बोलणं कानडी आणि इंग्रजीचं. त्यांनी प्रत्येकाला एक रंगीत कार्ड दिलं आणि म्हणाले, तुम्ही कशासाठी जगता ते एका शब्दात लिहा. माझ्या शेजारी आळंदकडचे एक मुख्याध्यापक होते. ते माझ्याकडं झुकून म्हणाले, "सर, पेन्शन लिहिलं तर चालतंय का बघा की."

मी 'सत्य' लिहिलं. चांगल्या अक्षरात, शिरोरेघ सरळ ओढून.

मग ते गृहस्थ म्हणाले, आता कार्डाच्या मागं लिहा, गेल्या आठवड्यात जो वेळ तुमच्या हातात होता, त्यात तुम्ही काय काय केलं. कुणी सांगितलं म्हणून केलं ते नको. मी लिहायला लागलो. अंड्यांवर खुणा केल्या. स्वयंपाकाच्या खोलीच्या मागच्या खिडकीशी उभा राहिलो. टरफलं मोजली. गल्लीतून सायकल नेली. वाचनालय उघडलं नाही. आठवीच्या मुलांचे निबंध तपासायचे राहिले. एवढं लिहिलं आणि थांबलो. गृहस्थ माझ्यामागं येऊन उभे राहिले होते. कार्डाकडं बघून त्यांनी मान हलवली आणि खांद्यावर हात ठेवून "उत्तम" म्हणाले. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं.

मला त्यांचाही संशय आला. माणसाला एका शब्दात पकडणारी ही विद्या कुणाची, आणि ती आमच्यासारख्यांवर कशासाठी चालवायची? पण ते कार्ड मी टाकलं नाही. परतीच्या बसमध्ये खिशातून काढून पुन्हा वाचलं. पुढचं वाचलं, मागचं वाचलं. सत्यासाठी माझ्याकडं आठवडाभर वेळ होता आणि तो सगळा एका बाईच्या पाठीवर नजर ठेवण्यात गेला होता. तरीही मनात दुसरा आवाज होताच: मग काय झालं? चोरी पकडणं हेही सत्याचंच काम. तो आवाज मला पटला. म्हणून प्रशिक्षणानंतरही ठिपके चालूच राहिले.

पत्राचा मसुदाही मी तयार केला. फक्त तारीख घालायची बाकी होती.

वाचनालयाची किल्ली एका शनिवारी सापडेना, म्हणून दार ढकलून पाहिलं तर ते नुसतंच लोटलेलं. कडी मोडकी आहे हे मला माहीत होतं. पण मीच आत जात नव्हतो, तर दुसरं कोण जाणार असं धरून चाललो होतो. जेवणाची सुट्टी होती. आत शिरलो तर शेवटच्या कपाटामागं तीन पोरं मांडी घालून बसलेली. मधोमध जुन्या प्रश्नपत्रिकेच्या तुकड्यावर मीठ. प्रत्येकाच्या हातात अर्धं खाल्लेलं अंडं. टरफलं त्याच कागदाच्या दुसऱ्या तुकड्यात नीट गोळा केलेली, आणि वरच्याच टरफलावर माझा ठिपका.

तिघंही केळीच्या रांगेतली. त्यात एक अप्पांची नात.

ती उठून उभी राहिली. तोंडातलं गिळायला तिला थोडा वेळ लागला.

"सर, आज्जाला सांगू नका."

"कुणी दिलं?"

"मागितलं."

"कुणाकडं?"

"अक्काकडं. अक्का म्हनल्या, गपचिप खायाचं आन् पुस्तकाला हात लावायचा न्हाई."

"लावला न्हाई, सर," दुसरं पोर घाईनं म्हणालं आणि दोन्ही हात मागं नेले.

मी तिथून बाहेर आलो. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला दिलासा वाटला नाही. चोरी नव्हती हे कळलं, आणि लगेच त्याहून वाईट एक विचार आला: ही बाई मुद्दाम करते का? आमच्या घरच्या पोरांना बाटवण्यात हिला काही सुख आहे का? तो विचार माझाच होता. कुठून आला तेही मला ठाऊक होतं. लहानपणी जेवणाच्या पंगतीत, मोठ्यांच्या बोलण्यात, तो कायम आसपास असायचा. मी इतकी पुस्तकं वाचली तरी तो आपल्या जागी बसून होता.

शाळा सुटल्यावर मी स्वयंपाकाच्या खोलीत गेलो. अक्का परातीत तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या.

"अक्का, केळीच्या पोरांना तुम्ही अंडी देता?"

"देते."

मी नकाराच्या तयारीनं गेलो होतो. 

"कामून?"

"मागतेत म्हनून."

"त्यांच्या घरच्यांनी केळं लिहून दिलंय."

"घरच्यांनी दिलंय. लेकरांनी कुठं दिलंय?" डाळीतला खडा त्यांनी बाजूला टाकला. "सर, गैरहजर पोराचं आंडं उरतंय. म्होरं लेकरू हात पसरून हुबं ऱ्हातंय. त्येला न्हाई म्हनायचं मला जमत न्हाई. तुमाला जमत आसंल."

"मला सांगायचं होतं."

"तुमाला?" आता त्यांनी मान वर केली. "तुमी आंड्याला पेन्सिलीनं टिपके लावायलाव. तुमाला काय सांगावं? पोरं म्हनायलेत, सर आंड्याला विभूती लावायलेत."

 त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. उकडल्यावरही पेन्सिलीचा ठिपका जात नाही आणि टरफल सोलणाऱ्याला तो दिसतोच, एवढं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"आन् सगळी आंडी मी वाटते आसं बी न्हाई," त्या म्हणाल्या. "दोन-तीन तर उकडतानाच फुटतेत. ती फुटकी मी कुत्र्याला घालते."

"फुटतात?"

अक्का हसल्या. खूप दिवसांनी माझ्यासमोर कुणीतरी असं तोंड भरून हसलं. "आगं बया! सर, पानी लई खळखळलं की आंडं तडकतंय. तुमाला कुनी सांगितलंच न्हाई का? कुनाला बी इचारायचं हुतं. पयलीतल्या पोराला इचारलं आसतं तरी सांगितलं आसतं."

खरंच कुणाला विचारलं नव्हतं. अंडं उकडताना काय होतं ते ठाऊक नसलेल्या माणसानं अंड्यांचा हिशेब मांडून एका बाईला घरी पाठवायचं ठरवलं होतं.

"पत्र लिवलाव म्हनं माज्यावर," त्या म्हणाल्या. आवाज आता खाली आला होता. "अप्पा गावभर सांगत सुटलेत. सर, मला ह्या कामाबिगर दुसरं काय न्हाई. दोनी पोरींच्या शिक्शनाचं ह्याच्यावर हाय. काढायचं तर काढा. पन चोरटी म्हनून काढू नका. माज्या पोरी ह्याच शाळेतून शिकून गेल्यात."

 त्या पुन्हा डाळीकडं वळल्या आणि सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "तुमच्या बाईंनी बी मला एकदा इचारलं हुतं. आंडं कसं लागतंय म्हनून. गुलबर्ग्याला जाऊन आल्या हुत्या तवा."

गुलबर्ग्याच्या डॉक्टरनं तिला रोज एक अंडं खायला सांगितलं होतं. मी तिथंच होतो. तिनं माझ्याकडं पाहिलं होतं. मी खिडकीतून बाहेर बघितलं, आणि नंतर स्टँडवर, गाडीत, घरी, तो विषय काढला नाही. तिनंही काढला नाही. ती समजूतदार आहे असं मी स्वतःला सांगितलं. अंड्यानं ती वाचली नसती, डॉक्टरही तसं म्हणाला नव्हता. पण ताकद थोडी आली असती, एवढं तो नक्की म्हणाला होता.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? सांगितलं मी."

"तिनं खाल्लं का, अक्का?"

अक्कांनी परातीतली डाळ दोनदा खालीवर केली. 

"ते मी सांगनार न्हाई, सर. खाल्लं आसलं तरी सांगनार न्हाई, नसलं तरी न्हाई. त्या माज्याजवळ येऊन बोलल्या. तुमच्याजवळ बोलायचं आसतं तर घरी बोलल्या आसत्या."

मी घरी आलो. त्या रात्री काय वाटलं ते लिहिण्यासारखं नाही. एवढंच, की तिनं माझ्यापासून काही लपवलं असेल का हा संशय घेऊन मी बसलो होतो, आणि हळूहळू कळत गेलं की लपवायची वेळ तिच्यावर मी आणली होती. तिनं खाल्लं असावं असं मला वाटू लागलं. मग वाटलं, असं वाटून घेणंही माझ्याच सोयीचं आहे. अजूनही मला ते माहीत नाही.

समितीची बैठक गुरुवारी होती. तोपर्यंत मी सगळ्या बाजूंनी विचार केला. पत्र दिलं तर अक्का चोर ठरतात. जे पाहिलं ते सगळं सांगितलं तर त्या चोर ठरत नाहीत, पण न विचारता आमच्या पोरांना अंडं चारणारी विहाराकडची बाई ठरतात, आणि या गावात ते चोरीपेक्षा जड पडतं. शिवाय त्या तीन पोरांच्या पाठी घरी सोलून निघतील. गप्प बसावं तर पत्राचं काय? 'सत्य' असं कार्डावर लिहिताना वाटलं होतं की ती एक वस्तू आहे, हातात असली की झालं. आता दिसत होतं, ते कुणापुढं ठेवायचं आणि कुठवर ठेवायचं हेही मलाच ठरवायचं आहे. आणि माझ्या ठरवण्यावर माझा विश्वास उरला नव्हता.

बैठकीला सातजण आले. अक्का दाराबाहेर, ओट्याच्या कडेला उभ्या राहिल्या. मी आत या म्हणालो. त्या आल्या नाहीत.

"शरणार्थी, सर," आमच्या समाजाचा नमस्कार घालून अप्पा बसता बसता म्हणाले. "पत्र आनलाव न्हवं?"

"पत्र देणार नाही, अप्पा. मी चुकलो. अंडी चोरीला गेली नाहीत. काही उकडताना फुटली, आणि बाकीची पोरांच्या पोटात गेली. अक्कांनी एकही घरी नेलेलं नाही."

"कोंच्या पोरांच्या? आंड्याच्या पोरास्नी त्येंची मिळतेतच की."

"ते मी सांगणार नाही."

 अप्पांच्या ध्यानात यायला फार वेळ लागला नाही.

"म्हंजी केळीच्या."

मी समोरची वही मिटली.

"नावं सांगा, सर."

"नाही, अप्पा."

"तुमी ह्या शाळंचे मुख्याध्यापक हाव. आमी पोरं तुमच्यावर सोडून जातोय."

"म्हणूनच सांगत नाही. एखाद्या पोरानं शाळेत काय मागितलं ते मी घरी सांगायला लागलो, तर पोरं शाळेत काहीच मागणार नाहीत."

विहाराकडचे एक सदस्य कोपऱ्यात बसले होते. ते मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, "अप्पा, सोपं हाय. आज घरी गेल्यावर सगळ्यांनी आपापल्या लेकराच्या तोंडाचा वास घ्या. ज्याच्या तोंडाला केळीचा वास न्हाई..."

दोघंतिघं हसले. अप्पा हसले नाहीत.

"ह्ये बाईनं मुद्दाम केलंय," ते म्हणाले.

"मलाही तसं वाटलं होतं," मी म्हणालो. "एक दिवस वाटलं. तसं वाटण्यासारखं माझ्याकडं काहीच नव्हतं, तरी वाटलं. म्हणून सांगतो, यापुढं या शाळेत कुणाला काय वाढलं जाईल त्याला जबाबदार मी. चूक झाली तर पत्र माझ्यावर लिहा."

"आन् आमी लिवून दिलंय त्येचं काय?"

"मी प्रत्येक घरी येतो. पोराला समोर बसवून पुन्हा विचारू."

"तुमी आपले म्हनून आमी..." अप्पांनी वाक्य पुरं केलं नाही. उपरणं झटकून उठले आणि दारातून जाताना अक्कांकडं न बघता गेले. बैठक त्यावरच मोडली.

मी घरोघर गेलो. सगळीकडं चहा मिळाला आणि सगळीकडं उत्तर केळंच मिळालं. शेवटी अप्पांच्या घरी. त्यांनी नातीला बोलावून माझ्यासमोर उभं केलं. आवाज प्रेमळच होता.

"सरांस्नी सांग, बाळ. तुला शाळंत काय पायजे?"

ती फरशीकडं बघत होती. "केळं."

"ऐकलाव न्हवं?" अप्पा म्हणाले.

मी ऐकलं. जे पोर तोंडातलं गिळून माझ्याशी खरं बोललं होतं, ते आता आजोबांसमोर खोटं बोलत होतं. आणि हे खोटं मीच, सत्याच्या नावानं, त्याच्या दारात येऊन वदवून घेतलं होतं. उठताना अप्पांनी माझ्याकडं असं पाहिलं, की सगळं त्यांना आधीपासून माहीत असावं. किंवा त्यांनी नुसतंच पाहिलं असेल.

पुढचे दोन दिवस अप्पांची नात शाळेत आली नाही. दोन घरांनी दाखले मागितले. आमच्या समाजातल्या एका नातलगानं फोन करून विचारलं, की बायको गेल्यापासून माझं डोकं ठीक आहे ना. अक्का माझ्याशी कामापुरतं बोलत. माझ्यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता, आणि तो बसावा असं मी अजून काही केलंही नव्हतं. बैठकीत जे बोललो त्यात माझं काही पणाला लागलं नव्हतं. नुसते शब्द होते.

सोमवारी ती आली. अप्पा स्वतः सोडायला आले होते. पण ते परत गेले नाहीत. कुणाकुणाशी बोलत थांबले, आणि जेवणाची घंटा झाल्यावर लिंबाच्या पाराकडं येऊन बसले. पोरं कुजबुजायला लागली. केळीची रांग एरवीपेक्षा सरळ उभी होती.

पोरीनं केळं घेतलं. जागेवर जाऊन बसली. भात कालवला, चार घास खाल्ले. अंड्याची रांग संपली, पातेल्यात दोन अंडी उरली. ती उठली. मला वाटलं नळावर जाईल. ती पातेल्यापाशी गेली आणि हात पुढं केला. 

अक्कांनी तिच्याकडं पाहिलं. मग पाराकडं. मग थेट माझ्याकडं. सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "सर, हिला काय करू?"

त्या मला तपासत होत्या, आणि तो त्यांचा हक्क होता. पोरीचा हात हवेत होता.  पाराकडं बघितल्याशिवाय राहवलं नाही. अप्पा उठून उभे राहिले होते. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, कानाला लावला, आणि आमच्याकडं पाठ करून भिंतीपलीकडच्या तुरीकडं बघत बोलायला लागले.

"द्या," मी म्हणालो. "मी सांगतोय म्हणून द्या."

पोरीनं अंडं घेतलं आणि या वेळी वाचनालयाकडं गेली नाही. लिंबाखालीच बसली, टोपलीशेजारी, आणि सोलायला लागली. तिला ते नीट सोलता येत नव्हतं. शेजारच्या पोरानं हातातून घेऊन करून दिलं.

जेवण सुटल्यावर मी समितीच्या वहीत लिहिलं, की आज एका विद्यार्थिनीला तिनं मागितल्यावर माझ्या सांगण्यावरून अंडं देण्यात आलं, आणि खाली सही केली. ते पान अप्पांना वाचायला मिळणार होतं. कधीतरी वरच्या कार्यालयालाही मिळणार होतं, आणि मिळालंही. कानडीत खुलासा मागणारा कागद आला, त्याला मी उत्तर दिलं आहे, पुढं काय होतं ते बघायचं. अक्का अजून कामावर आहेत. अप्पांनी समितीत तो विषय पुन्हा काढलेला नाही आणि नातीचं लिहून दिलेलं केळंही बदललेलं नाही. त्या दुपारी त्यांना खरंच फोन आला होता की नाही, हे मी कधी विचारलं नाही. मोबाईल वाजल्याचं मला तरी ऐकू आलं नव्हतं.